चौदा जणांचा एक कोट

"कान दिसू द्या, बाकीचा माणूस आपोआप दिसतो."

फोटोमामांचं हे रोजचं वाक्य. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, की मामा त्याच्याभोवती एक सावकाश फेरी घालत, दोन बोटांनी हनुवटी उचलत, केसांची बट कानामागे सारत आणि मग हे म्हणत. नव्या नवरीला म्हणत, पोलिसाला म्हणत, आईच्या मांडीवर झोपलेल्या तान्ह्या बाळालाही म्हणत. सरकारी अर्जावर चिकटवायचा फोटो काढण्यात त्यांचा हात धरणारं त्या शहरात कोणी नव्हतं. फोटोमागे त्यांचा गोल शिक्का असला, की खिडकीवरचा कारकून तो फोटो दुसऱ्यांदा बघतसुद्धा नसे.

त्यांचा स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडेची एक अरुंद खोली. इतकी अरुंद, की छातीपासून वरचा माणूस पुरता यायचा तर कॅमेऱ्याची तीन पायांची तिकाटणी मागे सरकवावी लागे आणि तिचा एक पाय मामींच्या स्वयंपाकघरात जाई. मामी त्या पायाला वळसा घालून तीस वर्षं स्वयंपाक करत आल्या होत्या. भिंतीवर पांढरी चादर, चादरीशेजारी खिळा, आणि खिळ्याला कोट.

त्या कोटाबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यानेच घातला. कोट निळा होता. पाठीवर कॉलरपासून खालपर्यंत उभा फाडलेला, आणि दोन्ही कडांना नाड्या. माणूस काडीसारखा असो की पिंपासारखा, नाड्या आवळल्या किंवा सैल सोडल्या की कोट अंगासरसा बसे. टायला गाठ नव्हती, मागे इलॅस्टिक होतं. समोरून बघावं तर बँकेतला अधिकारी, मागून बघावं तर दवाखान्यातला रोगी. कॅमेरा पाठीमागे जात नाही, म्हणून सगळ्यांची अब्रू शाबूत राही.

एका सकाळी दारात पिशवीकाकू येऊन उभ्या राहिल्या. पादचारी पुलाच्या जिन्याखाली त्या राहत, आणि त्यांच्या सात पिशव्या त्यांच्याबरोबर सगळीकडे हिंडत.

"मामा, फोटो काढायचाय. पण तोंडाचा हं, पायाचा नाही."

"पायाचा फोटो कोण काढतं काकू?"

"कोण काय! तो एक लांब भिंगवाला येतो रविवारचा. फुटपाथवर पालथा पडतो आणि माझ्या पावलाचे फोटो काढतो. म्हटलं, अरे बाबा, वर मी पण आहे. तर म्हणतो, वर उजेड बरा नाही. तो पाय आता कुठल्याशा मोठ्या हॉलमध्ये लावलाय म्हणे. वर दिवे, खाली गालिचा. माणसं बघतात आणि डोळे पुसतात. माझा पाय हॉलमध्ये राहतो, आणि मी जिन्याखाली."

मामा हसले नाहीत. त्यांनी स्टूल पुसून पुढे केलं.

काकूंचं काम असं होतं. जिन्याखाली त्यांच्यासकट चौदा जण राहत. येत्या एक तारखेला त्या जागेला लोखंडी जाळी लागणार होती. त्याच वेळी एका जुन्या गोदामात निवारा उघडणार होता, चौदाच खाटांचा. अर्ज फोटोसकट एक तारखेच्या आत मंजूर झाला तर खाट, नाही तर जाळीबाहेर उघडा रस्ता. थंडी तर दाराशी येऊन उभीच होती.

"चौदाही जणांचे काढतो," मामा म्हणाले. "पण माझ्या पद्धतीने."

दोन दिवस स्टुडिओत ये-जा चालली. मामींनी पातेल्यांवर पातेली पाणी तापवलं. मामांनी एकच कंगवा आणि एकच कोट चौदा जणांवरून फिरवला. एका म्हाताऱ्या हमालाने कोट काढायलाच नकार दिला. म्हणाला, पाच मिनिटं राहू द्या, बरं वाटतंय. मामांनी त्याला पंधरा मिनिटं बसवलं. तेवढ्यात त्याने समोरच्या भिंतीला दोनदा खाकरून दाखवलं आणि एकदा "हं, बोला" असंही म्हणाला.

काकूंनी स्वतःचा फोटो हातात धरून पुष्कळ वेळ बघितला.

"ही बाई कोण? हिला तर मी माझी खोली भाड्याने देईन."

चौदा अर्ज निवारा कचेरीत गेले. तिथल्या अर्जबाबूने ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. एकावरून दुसऱ्यावर नजर नेली, कपाळाला आठी घातली.

"सगळ्यांचा कोट एकच."

"हो ना, कोट एकच आहे," काकू म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी. म्हणजे हा गणवेश. तुम्ही सगळे एकाच कंपनीतले. नोकरदारांना निवारा मिळत नाही बाई. कंपनीने तुमची सोय करावी."

"कोणती कंपनी?"

बाबूने फोटो उलटा केला आणि शिक्क्यावर बोट ठेवलं.

चार दिवसांनी मामांच्या दारात नोटीस आली. त्यांच्या आस्थापनेतले चौदा गणवेशधारी कर्मचारी पुलाच्या जिन्याखाली आढळले असून मालकाने एक तारखेपूर्वी त्यांच्या राहण्याची व्यवस्था करावी, काही म्हणणं असल्यास निवारा कचेरीच्या साहेबांपुढे हजर राहावं. मामींनी ती दोनदा वाचली, मग खोलीभर नजर फिरवली, मग स्वयंपाकघरात आलेल्या तिकाटणीच्या पायाकडे बघितलं.

"अहो, चौदा माणसं नोकरीला ठेवलीत आणि घरात मला पत्ता नाही?"

"मला तरी कुठे होता? मलाही आत्ताच कळतंय."

साहेबांपुढची तारीख पडली ती महिन्याच्या शेवटून दुसऱ्या दिवशी. मामा गेले, बरोबर काकू. साहेबांच्या खुर्चीमागे भिंतभर एक फोटो लावला होता. काळपट पाऊल, भेगाळलेली टाच, करंगळी बाजूच्या बोटावर चढलेली.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, चहा मागवला.

"हे बघा," ते मागच्या फोटोकडे अंगठा करून म्हणाले. "बेघर म्हणजे हे. बघितलं की काळीज हलतं. तुमचे चौदा फोटो बघून काय हलतं? उलट उठून उभं राहावंसं वाटतं."

"तो माझाच पाय आहे," काकू म्हणाल्या.

काकूंनी चप्पल काढली आणि पाऊल शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. साहेबांनी चष्मा चढवला, अर्जबाबू पट्टी घेऊन आला. दोघंही वाकले. एकदा भिंतीकडे, एकदा खुर्चीकडे.

"करंगळी जुळते," बाबू म्हणाला.

"जुळते खरी. पण हा धुतलेला आहे."

"साहेबांकडे यायचं, म्हणून मुद्दाम धुतला."

"तिथेच चुकलात बाई," साहेब हळहळले. "नोंदीतला पाय मळलेला आहे."

मामांनी घसा साफ केला. "मग आता करायचं काय?"

"दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पुन्हा फोटो काढा. केस विस्कटलेले, मान खाली, नजर जमिनीवर."

"मान खाली घातली तर कान कसे दिसतील?"

"मग दुसरा. लिहून द्या, की निळ्या कोटातले तुमचे फोटो खोटे आहेत. फोटो बाद झाले की अर्ज बिनफोटोचे ठरतात. बिनफोटोच्या अर्जाला मी माझ्या अधिकारात मंजुरी देऊ शकतो. फोटो असलेल्या अर्जाला नाही देता येत. मात्र तुमचा शिक्का इथे जमा करावा लागेल."

शिक्का गेला म्हणजे अर्जांचे फोटो गेले, आणि अर्जांचे फोटो गेले की त्या अरुंद खोलीत मागे काही उरत नव्हतं. मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

"साहेब, चेहरे खरे आहेत. कोट तेवढा माझा."

"चेहरा खरा, कोट खोटा, असा रकाना नाही आमच्याकडे."

मामांची नजर अर्जबाबूच्या छातीकडे गेली. तिथे त्याचं ओळखपत्र लटकत होतं. त्यावर बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगेला चेहरा, दोन्ही कान स्वच्छ दिसतायत, आणि खाली निळा कोट. मामांना तो आठवला. नोकरी लागल्याच्या आनंदात त्याचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"साहेब, एक सांगू का? तो कोट पुष्कळ जणांनी घातलाय. जरा विचार करा."

"विचार करायला आम्ही बसलोय ना? तुम्ही सहीचं बघा."

मामांनी काकूंकडे बघितलं. त्या अजून एका पायात चप्पल आणि एक पाय गार फरशीवर अशा उभ्या होत्या. परवा एक तारीख होती. मामांनी कागद ओढला, साहेबांनी सांगितलं तसं अक्षर न् अक्षर लिहिलं, सही केली आणि खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो खणात टाकला आणि लगेच चौदा मंजुऱ्या केल्या. मग हातासरशी सगळ्या कार्यालयांना लागू असा आदेशही काढला: निळ्या कोटातलं कोणतंही छायाचित्र एक तारखेपासून ग्राह्य धरू नये.

मामांनी घरी येऊन सांगितलं. मामी म्हणाल्या, "बरं झालं. माझं स्वयंपाकघर मोकळं झालं." आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून भांडी घासत राहिल्या. भांडी मघाशीच घासून झाली होती.

एक तारखेला सकाळी कचेरीच्या फाटकाशी पहारेकरी आदेशाचा कागद घेऊन उभा होता. पहिला आला अर्जबाबू. पहारेकऱ्याने त्याचं ओळखपत्र बघितलं, कागद बघितला.

"निळा कोट. बाद."

"अरे, रोज नमस्कार करतोस की मला!"

"नमस्कार आत्ताही करतो. आत सोडत नाही."

मागोमाग टायपिस्ट बाई आल्या, हिशेबनीस आले, शिपाई आला. सगळे निळे. साहेब आले, तेव्हा फाटकाबाहेर चाळीस माणसं होती. साहेबांच्या ओळखपत्रावर ते पंचविशीतले होते, दाट केसांचे, आणि त्यांनाही कोट अंगासरसा बसला होता.

"अरे, त्या आदेशावर सही माझी आहे!"

"म्हणून तर पाळतोय साहेब."

उन्हं अजून पोचली नव्हती. थोडा वेळ सगळे उभे राहिले, मग एकेक जण फुटपाथच्या कडेला बसला. साहेबांनी डब्याची पिशवी मांडीवर घेतली. शेजारून माणसं जात होती. एका बाईने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. एक गृहस्थ लांबूनच रस्ता ओलांडून पलीकडे गेले. थांबून विचारलं कोणीच नाही.

त्याच रस्त्याने मामा आले. खांद्यावर तिकाटणी, हातात पेटी. शहराबाहेरच्या वस्त्यांवर जायला निघाले होते. तिथे लोकांना भिंतीवर लावायला फोटो हवे असतात, मामी सामान आवरून आठवड्याने मागून येणार होत्या.

अर्जबाबू धावला. "मामा, बरे भेटलात! चाळीस फोटो काढा पटकन. कोट नको, साधेच काढा."

"काढतो की. पण माझ्या शिक्क्याशिवाय चिकटवाल कुठे?"

"मग मारा ना शिक्का."

"तो आत आहे. साहेबांच्या खणात."

सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी फाटकाकडे बघितलं. पहारेकऱ्याने आकाशाकडे बघितलं.

"मामा," साहेब हळूच म्हणाले, "परवाचं जरा घाईतच झालं."

"तुमची बैठक गार जागी आहे साहेब. खाली काहीतरी अंथरा," मामा म्हणाले. त्यांनी पेटी उघडली, पांढरी चादर काढली, साहेबांच्या हातात दिली आणि तिकाटणी दुसऱ्या खांद्यावर घेऊन निघाले.

चाळीस जण मान वळवून बघत राहिले. रस्त्याच्या टोकाला गोदामाच्या दारात पिशवीकाकू उभ्या होत्या, पहिल्यांदाच हातात एकही पिशवी नसलेल्या. मामा समोरून गेले, पण थांबले नाहीत. आतून कोणीतरी हाक मारली, काकू, चहा निवतोय. "निवू दे," त्या म्हणाल्या, आणि मामा वळणाआड जाईपर्यंत दारातच उभ्या राहिल्या.