लांब का?

मी घर सोडलं त्या दिवशी धाकट्या डहाणूत एकाही माणसाने मला कुठे निघालीस म्हणून विचारलं नाही. तशी विचारायची गरजही नव्हती. जावयाला इंग्लंडात वृद्धाश्रमात काम लागलंय, आता पोरीचाही व्हिसा आलाय, हे आईने मासे विकता विकता अर्ध्या डहाणूला सांगून टाकलं होतं. पण ठाऊक नसतं तरी कोणी विचारलं नसतं. निघालेल्या माणसाला आमच्याकडे 'कुठे' म्हणत नाहीत. अगदीच राहवलं नाही तर 'लांब का?' एवढंच. शेजारच्या काकूंनी तेच विचारलं आणि आई म्हणाली, "हां, जरा लांबच." जणू मी जवळच्या बोईसरला चालले होते.

घोटाळा केला तो रिक्षावाल्याने. बॅगा चढल्या, मी आत बसले आणि तो परगावचा, सरावलीचा भला माणूस म्हणाला, "कुठं, स्टेशनलाच ना?" आईने मला दंडाला धरून खाली उतरवलं. दारातल्या पायरीवर बसवलं, तांब्याभर पाणी प्यायला लावलं आणि मग म्हणाली, "आता ऊठ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी चुकली असती तर? बाबा ओट्यावरून सगळं बघत होते. एके काळचे तांडेल, बोटीचे प्रमुख, पण गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून त्यांची बोट ओट्यालाच लागलेली. ते त्यांचं नेहमीचं वाक्य बोलले, "कुठं जातो ते मोठ्यानं सांगायचं नाय. दर्या ऐकतो."

इथे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी मी घाबरले. सूर्य समुद्रातून वर येत होता. जन्मभर मी त्याला समुद्रात बुडताना पाहिलं होतं. मासळीचा वास नाही, खाडीचा चिखल नाही, किनाऱ्यावर माणूस नाही. नवरा कामावर गेला की मी दार आतून लावून बसायची. बेल वाजली की श्वास रोखायची, कारण दार उघडलं तर बोलावं लागणार. डहाणूच्या शाळेत मला इंग्रजीत बरे मार्क होते, पण ते सगळं फळ्यावरचं. 'इज, अॅम, आर लावा, आयएनजी जोडा', झाला अपूर्ण वर्तमानकाळ. तो जोडून होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

मग चर्चच्या हॉलमधला फुकटचा वर्ग सापडला. शिकवणाऱ्या बाई ज्यूडिथ, निवृत्त शिक्षिका. त्यांना नुसतं ज्यूडिथ म्हणायला माझी जीभ रेटेना, म्हणून मनात मी त्यांना ज्यूडिथबाई म्हणते. त्या नियम सांगतच नाहीत. कोणी कोट काढत असलं की विचारायचं, "व्हॉट आर यू डूइंग?" कोणी चहा ओतत असलं की तेच. दाराकडे निघालं की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "व्हेअर आर यू गोइंग?" उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. आणि उत्तर खरंच पाहिजे. पहिल्या दिवशी मी घोकलेलं 'आय अॅम सिटिंग' म्हटलं, तर बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मी उभी होते. खुर्ची पुढे ओढून मला बसवलं आणि म्हणाल्या, आता म्हण. डोळ्यांसमोर घडत नसेल ते वाक्य त्या चालू देत नाहीत.

त्यांचा आवडता खेळ म्हणजे घरी फोन लावणं. पडद्यावर जे दिसेल ते बोलायचं. माझ्या शेजारी बसणारी अफगाणिस्तानची झरीना तिच्या बहिणीला रोटी लाटताना दाखवायची. मी आईला दाखवायची. "माय मदर इज ड्रायिंग फिश." वाळत घातलेले बोंबील बघून वर्ग नाकाला हात लावायचा, मी खूश. त्या खेळाने मला बोलतं केलं, हे मान्य करायलाच हवं.

नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावरची गोष्ट. त्या दिवशी फोन लावायचा नंबर माझा होता. फोन उचलला आईने, आणि तिच्या मागून खांद्यावर बॅग टाकून माझा धाकटा भाऊ नितेश दारातून बाहेर पडताना दिसला. आमच्या खाडीत आता पोटापुरतं मिळत नाही, म्हणून तो गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातो. तलासरीच्या नाक्यावर या भागातली पोरं जमतात, तिथून त्यांना बस घेऊन जाते, थेट वरच्या बंदरांपर्यंत. ते पाणी सरहद्दीला चिकटलेलं. बोट जरा सरकली की पलीकडचे पकडून नेतात. मग वर्षानुवर्षं तुरुंग. आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी तोंड उघडायच्या आत बाईंनी हात वर केला आणि सगळा वर्ग एका सुरात, आनंदाने ओरडला, "व्हेअर आर यू गोइंग?"

नितेश हसला. त्याला इंग्रजी तेवढं कळतं. आईला अक्षर कळत नाही, पण कोणी दारातल्या माणसाला काय विचारतंय हे तिला बरोबर कळलं. तिचा चेहरा उतरला. "बस रे. पायरीवर बस जरा. पाणी पी, मग जा."

"आये, जीप थांबलीय. पोरं शिव्या घालतील."

"घोटभर तरी पी रे!"

तो गेला. फोनमध्ये नुसती पायरी दिसत राहिली. वर्ग टाळ्या वाजवत होता, उच्चार छान झाला म्हणून. झरीनाने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. हळूच म्हणाली, "युवर मदर इज अफ्रेड." तिच्याकडे निघालेल्या माणसाच्या मागे वाटेवर पाणी ओततात. ती घरून निघाली तेव्हा पाणी ओतायला कोणाला वेळ मिळाला नव्हता.

बोट आत गेली की फोन लागत नाही, हे काही नवं नव्हतं. पण या वेळी ते दिवस जाईनात. एव्हाना मलाही नवऱ्याच्या वृद्धाश्रमात कपडे धुण्याचं काम लागलं होतं. मी वॉशिंग मशीनसमोर उभी राहायची आणि हातातली चादर हातातच राहायची. मी शिकलेली आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं दिवसभर स्वतःला बजावायची. आणि अंधार पडला की तो सूर कानात यायचा, पंधरा गळ्यांचा, आनंदाचा. वर्गात बाई विचारायच्या, "व्हॉट इज युवर ब्रदर डूइंग नाऊ?" मी म्हणायची, आय डोन्ट नो. तेवढंच एक खरं वाक्य माझ्याकडे होतं.

मग गावच्या ग्रुपवर मेसेज आला. त्याच बंदरातली एक बोट पलीकडच्यांनी धरली. नावं नाहीत, बोटीचा नंबर नाही. मी आईला फोन केला. रडेल, मला बोल लावेल असं वाटलं होतं. पण ती नुसती पायरीवर बसून होती, शेजारी पाण्याचा तांब्या. नितेश निघाला त्या दिवशीचाच असावा असं मला वाटलं. भाऊ जिवंत आहे की नाही एवढंच मला कळायला हवं होतं, आणि ते सांगणारं जगात कोणी नव्हतं.

दोन दिवसांनी नितेशचा फोन आला. इंजिन बंद पडून बोट भरकटली होती. दुसऱ्या बोटीने ओढून बंदरात आणली. "ताय, तुझ्या मास्तरीणबायला सांग, आय अॅम ईटिंग," म्हणाला गाढव. मी हसले आणि तिथेच, वृद्धाश्रमाच्या धुण्याच्या खोलीत, जमिनीवर बसले. मग त्याने पुढचं सांगितलं. धरलेली बोट त्यांच्या शेजारची होती. तिच्यावर तलासरीकडच्या एका पाड्यातली तिघं होती, त्याच्याच बसमधून गेलेली.

तेव्हापासून मी त्या तिघांच्या आयांचा विचार करते. त्यांच्या दारात कोणी ओरडलं नसेल. त्यांनी पोरांना पायरीवर बसवलं असेल, पाणी दिलं असेल, 'लांब का' एवढंच म्हटलं असेल. सगळं रीतीप्रमाणे. म्हणजे रीतीत काही नव्हतं. हे कळल्यावर भीती जायला हवी होती. ती वाढली. आधी निदान काय टाळायचं ते तरी ठाऊक होतं.

दिवाळी करून नितेश पुन्हा निघाला. जाऊ नको म्हणून मी फोनवर भांडले. तो म्हणाला, दुसरं काय करू ते सांग. त्या सकाळी मी वर्गात फोन लावला आणि जमेल तसल्या इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं की आज काही विचारू नका. बाईंनी फक्त मान डोलावली. झरीना उठली, कागदी कपांत पाणी भरून प्रत्येकापुढे ठेवून आली.

पडद्यावर नितेश पायरीवर बसला. आईने तांब्या दिला. तो पाणी प्यायला, आणि इकडे आम्ही सगळ्यांनी आपापला कप तोंडाला लावला. बोलायला शिकवणाऱ्या त्या हॉलमध्ये कोणी चकार शब्द काढला नाही. मागून बाबांचा खोकला तेवढा ऐकू आला. नितेश उठला, आईच्या पाया पडला आणि चौकटीबाहेर गेला. झरीनाने तिचा उरलेला कप हॉलच्या दाराबाहेर, ओल्या फरशीवर ओतला.

गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटत असेल की गेलेली माणसं सुटली. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला ठाऊक आहे काय सुटत नाही ते. घर म्हटलं की पूर्वी मला कौलं दिसायची, खाडी दिसायची. आता एक पायरी दिसते आणि तिच्यावर तांब्या घेऊन बसलेली बाई. तिच्या आसपास कुठेतरी माझी भीती राहते. माझं घर तेच.

वर्ग संपला होता. मी कोट घालून दाराशी उभी होते, फोन अजून चालूच. बाई जवळ आल्या. त्यांनी कुठे निघालीस म्हणून विचारलं नाही. मीच आपणहून म्हणाले, "माय मदर इज सिटिंग अॅट द डोअर."

"अँड यू?" त्या हळू म्हणाल्या.

"आय अॅम सिटिंग विथ हर."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मी उभीच होते. त्यांनी वाक्य सुधारलं नाही.