मुन्शीकाकांचा निळा बैल

मुन्शीकाकांनी आयुष्यात कोणालाही माफ केलं नाही. लोकांना तपकिरीचा नाद असतो, पत्त्यांचा असतो. काकांना राग धरून ठेवायचा नाद होता, आणि तो त्यांनी मोठ्या निगुतीनं सांभाळला. सराफ्यातल्या एका दुकानदाराचा बाप त्यांच्या मुंजीत त्यांच्या मोठ्या कानांना हसला होता. तेव्हापासून काका त्या दुकानासमोरून गेले नाहीत. भर पावसाळ्यात धोतर वर धरून, मागच्या बोळातला चिखल तुडवत घरी यायचे. तो हसणारा माणूस मरूनही बरीच वर्षं झाली होती. मी नवी नवरी होते तेव्हा न राहवून तसं म्हणालेच, तर म्हणाले, "तो मेला, सूनबाई. मी कुठं मेलो?"

मी अमरावतीची. लग्न होऊन जबलपुरात आले ती सी.पी. अँड बेरारच्या दिवसांत. काका माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. घराणं मराठ्यांच्या अमदानीत चाकरीसाठी नर्मदेवर आलं ते परत फिरलंच नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि दोन्हींची सरमिसळ अंगणात. काका शहराबाहेरच्या एका अमेरिकन मिशनच्या बंगल्यावर गोऱ्या पाद्र्यांना हिंदी शिकवायला जात, म्हणून मुन्शी. मराठी माणसाकडून जबलपुरी हिंदी शिकल्यामुळे त्या बंगल्यातले सगळे साहेब लोक प्रवचनातसुद्धा 'हाँ'ऐवजी 'हौ' म्हणत, आणि बाजारातल्या लोकांना त्याची फार गंमत वाटे. काकांना नव्हती वाटत. आपण शिकवलेली भाषा शुद्धच असते, अशी त्यांची खात्री होती.

रागाबद्दल त्यांची मतं ठरलेली होती. माझे सासरे चटकन तापत आणि चटकन निवत. त्यांच्याकडे बघून काका मान हलवायचे. "याचा राग म्हणजे दुधाचं उतू जाणं. चूल खराब, दूध बी गेलं. राग मुरवाचा असते, सूनबाई, कैरीसारखा. घाईनं बरणी उघडली का गेलं काम." मी हसायची. त्या बरणीत खरंच काहीतरी पडायचं आहे, हे तेव्हा आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं.

अमेरिकेच्या गोष्टी आमच्या घरात आल्या त्या मोठ्या मेमकडून. ही म्हातारी पाद्रीण काकांची पहिली विद्यार्थिनी. तिला घरची फार आठवण यायची, आणि हिंदीचा सराव म्हणून ती व्हरांड्यात बसून आपल्या देशाच्या दंतकथा सांगायची. काका चुका सुधारत आणि कथा डोक्यात ठेवत. डोक्यावर टोपीऐवजी पातेलं घालून गावोगाव सफरचंदाच्या बिया पेरत फिरणारा एक वेडा फकीर. वाफेच्या यंत्राशी पैज लावून हातोड्यानं डोंगर फोडणारा, आणि जिंकून तिथंच मरणारा एक काळा मजूर. बापाचं झाड तोडून 'मीच तोडलं' म्हणणारा मुलगा, जो पुढे त्यांचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. या शेवटच्या गोष्टीवर काकांचा विश्वास नव्हता. खरं बोलून कोणी गादीवर बसतो हे अमेरिकेतच चालत असेल, म्हणायचे. त्यांचा लाडका होता तो राक्षसाएवढा लाकूडतोड्या. त्याच्याजवळ निळा बैल होता. हा गडी कुऱ्हाड ओढत चालला की जमिनीत दरी पडायची, बैलाच्या खुरांचे तलाव व्हायचे, आणि गड्याच्या अवाढव्य तव्याला तूप लावायला पोरं पायाला लोणी बांधून तव्यावर घसरत फिरायची. मेम म्हातारपणी मायदेशी परत गेली. गोष्टी इथं राहिल्या.

आता काकूंचं सांगते. मी त्यांना पाहिलं नाही. त्यांना एकच मुलगी, बाळी. ती तापानं अंथरुणाला खिळली तेव्हा काकूंनी तिच्यासाठी एक गोष्ट रचली. थंडीच्या दिवसांत सकाळी ग्वारीघाटावर नर्मदेतून वाफ निघते, पाण्यात हात घातला तर कोमट लागतं. काकूंनी बाळीला सांगितलं की एका लहान मुलीला ताप आला होता, तिनं तो नदीला सांभाळायला दिला, म्हणून नदी सकाळी अशी ऊन लागते. पुढे नदी त्या मुलीला विचारते, तुझी ही ठेव परत कधी नेशील? इथपर्यंत सासूबाईंना माहीत होतं. त्यापुढचं काकू पोरीच्या कानाशी तोंड नेऊन सांगायच्या, आणि बाळी तापातसुद्धा खुदकन हसायची. काका उशाशी बसलेले असायचे, त्यांनी ऐकलं होतं. बाळी गेली. वर्षाच्या आत काकूही गेल्या.

मेमच्या जागी नवा साहेब आला. तरुण, उंच, कानाला पेन्सिल लावलेली. त्याला आमच्या लोकांच्या गोष्टी गोळा करायचा छंद होता. एका थंडीत सकाळी तो काकांबरोबर घाटावर गेला आणि त्यानं सहज विचारलं, ही वाफ कसली हो मुन्शीजी? काकांनी इतक्या वर्षांत ती गोष्ट कोणाजवळ काढली नव्हती. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, त्यांनी ती सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सांगताना रडले, हेही त्यांनीच मला सांगितलं. साहेबानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं लिहून घेतलं.

साहेबाचं पुस्तक छापून आलं तेव्हा काकांनी ते स्वयंपाकघरात येऊन मला वाचून दाखवलं. गोष्ट तीच होती. खाली लिहिलं होतं की नर्मदेकाठच्या अडाणी बायकांत ही कथा चालत आली आहे, रचणारं कोणी नाही. आणि शेवट साहेबानं आपला लावला होता. मुलगी मेली, कारण नदीला कान नसतात, आणि हे तिच्या आईला सांगायला तोवर खऱ्या धर्माचा कोणी माणूस तिथं पोचला नव्हता. काकांनी पुस्तक मिटलं, डोक्यावर टोपी ठेवली आणि उन्हातच बंगल्यावर गेले.

त्यांचं मागणं एवढंच होतं. बायकोचं नाव घाला आणि तिचा शेवट तिला परत द्या. साहेब चिडला नाही, चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खुर्ची दिली, समजावलं. गोष्ट एकदा लोकांच्या तोंडी गेली की ती कोणाची नसते म्हणाला. आणि मग, अगदी मऊ आवाजात, मीठभाकरीची चौकशी करावी तसं विचारलं, की शेवट चुकीचा कसा? तुमची मुलगी तर गेलीच ना?

काका घरी आले आणि जेवले. मला वाटलं होतं ते नोकरी सोडतील. सासऱ्यांनीही तेच सुचवलं. काका म्हणाले, "नोकरी सोडून काय करू? त्याच्याजवळ बसाचं आहे मले अजून." तेव्हा मला कळलं की बरणी भरली गेली.

पुढची दोन-तीन वर्षं काकांनी जे केलं ते आठवलं की मला आजही बरं वाटतं. साहेब दुसऱ्या पुस्तकाच्या तयारीला लागला होता. एकच कथा वेगवेगळ्या वस्तीतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी सांगितली तरच ती अस्सल जुनी, असा त्याचा नियम होता. हा नियम काकांनाच ठाऊक होता, कारण गावकऱ्यांचं बोलणं साहेबाला समजावून द्यायला तेच बरोबर जात. काका सुट्टीच्या दिवशी मेमच्या गोष्टी घेऊन एकटेच बाहेर पडू लागले. भेडाघाटच्या नावाड्यांत जाऊन बसले. अधारतालच्या भाजी पिकवणाऱ्या काछ्यांच्या मळ्यात जाऊन बसले. सराफ्यातल्या सोनारांच्या बायका आमच्या सासूबाईंच्या भजनात यायच्या, तिकडची जबाबदारी माझ्यावर आली.

लाकूडतोड्या आता मंडल्याच्या जंगलातून आला. त्याची कुऱ्हाड घासत गेली ती भेडाघाटच्या संगमरवरातून, म्हणून तिथं ती पांढरी दरी. निळा बैल तहानेला होऊन जबलपुरात शिरला आणि जिथं जिथं खूर उमटला तिथं ताल, म्हणजे तलाव, झाला. आमच्या गावात ताल काय थोडे आहेत? अधारताल हा पुढचा उजवा खूर. जुन्या गोंड राणीच्या दिवाणानं तो खोदवला असं शाळेत शिकवतात, असं एक काछी म्हणाला, तर काका म्हणाले, दिवाणानं फक्त काठ बांधला. बिया पेरणारा फकीर बैरागी झाला, पातेल्याऐवजी डोक्यावर कमंडलू पालथा घालून परिक्रमेच्या वाटेनं सीताफळं लावत गेला. पोरांनी, बायकांनी, नावाड्यांनी त्यात आपापली भर घातली. दोन पावसाळ्यांत त्या गोष्टी इथं इतक्या रुळल्या की मला स्वतःला तलावाकडे बघताना खूर दिसायचा.

साहेब आमच्या ओसरीवर आला तेव्हा मीच त्याला बैलाची गोष्ट सांगितली, डोक्यावर पदर घेऊन, खाली बघून. अमेरिकन माणूस तो, त्यानं ती ओळखलीच. पेन्सिल थांबली. मी पदर आणखी पुढे ओढला. पण त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, आनंद होता. त्यानं ती नावाड्यांकडून ऐकली होती, मळ्यात ऐकली होती, आता पडद्यातल्या बाईकडून ऐकत होता. त्याच्या लेखी शोध लागला होता: त्याच्या देशाची सगळ्यांत लाडकी दंतकथा मुळात नर्मदेच्या जंगलात जन्मली आणि हजारो वर्षं प्रवास करत अमेरिकेत पोचली. काका बाजूला बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. ते इतकंच म्हणाले की आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलो.

साहेबानं तिकडच्या कुठल्याशा विद्वान मासिकात मोठा लेख लिहिला. त्याच्या देशात गदारोळ झाला. राष्ट्राची कथा कोण कुठल्या नदीकाठच्या लोकांना देऊन टाकली म्हणून लोक खवळले, पण खरा घाव दुसराच बसला. मोठी मेम अजून जिवंत होती. तिनं त्याच मासिकात सरळ लिहिलं की या सगळ्या कथा जबलपुरात मी माझ्या मुन्शीला व्हरांड्यात बसून सांगितल्या आहेत, आणि त्यानं माझी क्रियापदं सुधारली आहेत. साहेबाचं हसं झालं. त्याचं दुसरं पुस्तक छापायला कोणी तयार होईना. पहिल्याबद्दलही शंका निघाल्या. मिशननं त्याला परत बोलावलं.

जाण्याआधी तो आमच्याकडे आला. दुपारची वेळ होती. काकांनी त्याला खाटेवर बसवलं, मी पाणी दिलं. पाणी न पिता त्यानं विचारलं, का केलंत असं? माझी दहा वर्षांची मेहनत होती.

काका म्हणाले, "साहब, आप ही ने सिखाया था. कहानी लोगों की ज़बान पर चढ़ गई, तो फिर वह किसी की नहीं रहती."

 साहेब उठून उभा राहिला, त्यानं हात जोडले आणि नीट, शुद्ध, काकांनी शिकवलेल्या हिंदीत म्हणाला, "मुन्शीजी, मैंने आपकी पत्नी के साथ अन्याय किया. मुझे माफ़ कर दीजिए."

"नहीं," काका म्हणाले.

माझे सासरे पुढे होऊन काहीतरी सावरू लागले, पण काकांनी त्यांना हातानंच थांबवलं. साहेबाचे डोळे भरले होते. दुसरं कोणी असतं तर विरघळलं असतं. मी दारात उभी होते आणि मीही विरघळले नाही, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. बाळीच्या मरणावर धर्माचं दुकान मांडणाऱ्याला हात जोडण्यापेक्षा जास्त काहीतरी द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी काका स्टेशनवर गेले. निरोप द्यायला नव्हे, साहेब खरंच जातो की नाही ते बघायला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत फलाटावर उभे राहिले, आणि येताना सगळ्यांसाठी खव्याची जिलेबी घेऊन आले.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, मजेत जगले. भेडाघाटला पाहुणे नेले की नावाडी आपण होऊन कुऱ्हाडीची गोष्ट सांगायचा आणि काका अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान डोलवायचे. नदीची गोष्ट मात्र त्यांनी त्या थंडीनंतर पुन्हा कोणालाच सांगितली नाही. मी विचारलं की म्हणायचे, एकदा सांगून पाहिली ना. माझ्या मुलीला ताप यायचा तेव्हासुद्धा मागितली मी. दिली नाही.

शेवटच्या आजारपणात त्यांची खाट आम्ही अंगणात उन्हाला टाकायचो. एका सकाळी मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. मनात आलं, आता नाही तर कधीच नाही. म्हटलं, काका, आता कोण चोरणार आहे? साहेब गेला, मेम गेली. काकूंची गोष्ट मला द्या.

त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. ताप आलेली मुलगी, घाट, ओंजळीतून पाण्यात सोडलेला ताप. आवाज बारीक झाला होता, पण एकेक शब्द काकूंचा असावा असं वाटत होतं. नदी विचारते, पोरी, ठेव परत कधी नेशील? मुलगी नदीच्या कानाशी वाकते.

आणि काका थांबले. मी वाट पाहिली. त्यांचे ओठ हलत होते, कपाळावर आठ्या पडल्या होत्या. मग त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"पुढचं त्यानं छापलं तेच आठवून राहिलं, सूनबाई," ते म्हणाले. "तिचं नाही आठवत. काहून नाही आठवत?"