सखुबाईची सप्तमी

…तर काल जेवायची हाक आली म्हणून गोष्ट तिथंच राहिली. सखुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून कोर्टात पोचली आणि कारकून म्हणाला, "बाई, तुझी तारीख काल होती. तू आली नाहीस, एकतर्फी निकाल झाला. पैसे भर, नाहीतर घराचा लिलाव!"

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. ही सखुबाई जुहूच्या कोळीवाड्यातली. पंचावन्न सालच्या सुमारास आमच्या अंधेरीच्या चाळीत बोंबील घेऊन यायची, आणि भाव पाडून मागितला की अशी बघायची, की आपणच चार आणे जास्त द्यावेत! तिच्या नवऱ्यानं, हरेश्वरनं, होडीसाठी घर गहाण टाकलं होतं. होडी वादळात गेली, मागोमाग तोही गेला. उरलं कौलारू घर आणि सावकाराचा दावा.

आता ती चुकली कशी, ते ऐका. समन्स आलं तेव्हा वाड्यातल्या मास्तरांनी पंचांग पाहून सांगितलं, "त्या दिवशी सप्तमी." कोळीवाड्यात तारीख कोण विचारतो! भरती तिथीवर, होड्या तिथीवर. बाईनं अवसेपासून बोटं मोजली. पण त्या पंधरवड्यात एका तिथीचा क्षय होता, म्हणजे मधली एक तिथी गळली होती. खरी सप्तमी तिच्या बोटांच्या आदल्या दिवशीच येऊन गेली.

मी तिला आमच्या चाळीतल्या शरच्चंद्र वकिलांकडे नेलं. लिलावाआधी दारात ढोल वाजवतात, हे तिनं एका शेजाऱ्याच्या घरी पाहिलं होतं. त्यामुळे निकाल कळल्यापासून वाड्यात कुणाच्या हळदीचा ढोल वाजला तरी ही धावत बाहेर यायची. अर्धी पाटी न विकताच घरी परतायची. दाराला कुलूप तर लागलं नसेल?

वकील म्हणाले, "न येण्याचं खरं कारण दाखवलं तर असा निकाल रद्द होतो. फक्त अर्ज महिन्याच्या आत हवा. मग विचारू, त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का? नसेल तर कोर्ट त्याला हुकूमनामा देणार नाही. असला तर हप्ते मागू."

"आन कारन खोटं वाटलं त्याना, तर?"

वकील म्हणाले, "मग घर वाचवणं कठीण आहे, सखुबाई."

आमच्या अर्जाच्या सुनावणीला सावकाराचा वकील हसत उठला. "साहेब, बाईंची म्हणे तिथी चुकली! उद्या म्हणतील, चंद्र उशिरा उगवला." सगळं कोर्ट हसलं. सखुबाईनं मात्र पदर तोंडात धरला होता. आमच्या वकिलांनी पंचांग पुढं केलं. न्यायाधीशांनी पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ ते उचललंच नाही.

शेवटी म्हणाले, "तिथीचा क्षय आहे खरा. कारण पटतं. निकाल रद्द, दावा पुन्हा चालेल. सावकारानं पुढच्या तारखेला परवाना हजर करावा."

आम्हाला वाटलं, बाई आता हसेल. कुठलं! ती तशीच उभी. न्यायाधीशांनी चष्मा वर सारून विचारलं, "काय बाई, पुढची तारीख कशी मोजणार? पुन्हा बोटांवर?"

सखुबाई हात जोडून म्हणाली, "नाय सायब, आता मोजनारच नाय. आजपासून हतंच कोर्टाच्या पायरीवर बसतंय. तारीक आली का मना हाक मारा."