वहिनीच्या पांढऱ्या कोंबड्या

परवा नातीबरोबर इथल्या कृषी प्रदर्शनाला गेले होते. गुडघे बोलायला लागले, म्हणून पहिली दिसली ती खुर्ची पकडली... तो स्टॉल निघाला कुक्कुटपालनाचा! विद्यापीठातली एक पोरगी भारी समजावून सांगत होती. अंगणात चार कोंबड्या असोत की शेडमध्ये हजार, सांभाळायच्या कशा, ते.

तिनं सहज विचारलं, "आजी, तुमच्याकडं होत्या का कधी कोंबड्या?" झालं... मी थेट नागपुरात, टिमकीतल्या आमच्या जुन्या घरी.

तेव्हा नागपूर राजधानीचं गाव होतं आणि मी परकरी पोर. आमचं घर कोष्ट्याचं. बाबा आणि दादा मागावर बसायचे, गिरिजावहिनी आणि मी कांड्या भरायचो, म्हणजे विणायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायचो. वहिनी कामाला वाघीण, पण कांड्यांचा तिला मनापासून कंटाळा. शाळेत हुशार होती म्हणे, लग्न ठरलं आणि शाळा सुटली.

शेतकी कॉलेजानं बायकांसाठी कोंबडीपालनाचा वर्ग काढला. आमच्या गल्लीतून गेली ती एकटी वहिनी... दादाच्या सायकलवर, मागं बसून. बायकांना महिनाभर चघळायला विषय मिळाला!

वर्ग संपला आणि तिला कॉलेजकडून विलायती कोंबड्या मिळाल्या. पांढऱ्याशुभ्र, लाल तुऱ्याच्या. गल्लीनं लगेच त्यांचं नाव मडमा ठेवलं.

बाबा मात्र फुरंगटले. "कोंबडी म्हंजे मोकळी फिरते वं. हिनं कोंडून काहून ठेवलं?" असं भिंतीला ऐकवायचे. बाहेर सोडलं तर रोग लागतो, हे वहिनी पदर सावरून सांगायची, पण सासऱ्यापुढं तिचा आवाज तो केवढा निघणार?

कॉलेजचे सर अधूनमधून पाहायला येत. एकदा खूश होऊन म्हणाले, "एवढा पावसाळा या कोंबड्यांनी नीट काढला, तर दिवाळीनंतर वस्तीतल्या बायकांना तुम्हीच शिकवायचं. कोंबड्या आम्ही पुरवू."

काय सांगू तुम्हाला तिचा तो आनंद... संध्याकाळी भाकरी थापताना तिनं मलाच समोर बसवलं आणि हात हलवून शिकवायला लागली, "तर बायांनो, पाणी रोज बदलायचं!" बाया म्हणजे मी एकटी. हसून हसून माझं पोट दुखलं आणि तव्यावरची भाकरी करपली.

रोजची अंडी दिसायला लागली तसे बाबाही पाघळले. कोणी बघत नाही असं पाहून खुराड्यापाशी उकिडवे बसायचे... "काय वं मडमाबाई, जेवली का?" मी आणि वहिनी दाराआडून बघायचो.

आता एक सांगायला हवं. लुगड्याच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, पिठाची खळ लावावी लागते, त्यानं धागा कडक होतो. झडीच्या दिवसांत खळीला बुरशी धरते, म्हणून बाबा त्यात मोरचुदाची निळी, विषारी पूड घालायचे. ताण्याखाली जमिनीवर सांडलेली खळ गल्लीतल्या गावठी कोंबड्या जाता येता टिपायच्या आणि त्यांना कधी काही झालेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी उघाड पडली, ताण्याला खळ लावून झाली आणि गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, बरीच उरली. बाबांनी तो अख्खा गंज नेऊन खुराड्यात ठेवला. मी पाहिलं... मला तर कौतुकच वाटलं. गावठी कोंबड्या चार थेंब टिपून पुढं जात. या कोंडलेल्या, त्यांनी गंज चाटूनपुसून साफ केला.

सकाळी सगळ्या आडव्या पडलेल्या...

वहिनीनं एक उचलून मांडीवर घेतली. चोचीला निळसर चिकट खळ वाळलेली होती. तिनं रिकाम्या गंजाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तेवढ्यात बाबा बाहेर आले आणि जागीच थांबले. ते काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "मानमोडी आली, मामाजी. पावसाळ्याचा रोग हाय."

दादाला सांगून तिनं सगळ्या कोंबड्या नागनदीत टाकायला लावल्या. सर आले, त्यांनी तपासायला एखादी तरी मागितली, पण आता कुठली? त्यांना फार वाईट वाटलं. रोग येऊन गेलेल्या घरी नव्या कोंबड्या देता येणार नाहीत, वर्गही इथं नको, असं त्यांनी अगदी समजुतीनं सांगितलं. वहिनी "बरं" म्हणाली आणि कांड्या भरायला बसली.

मी चिडून रडायला लागले. खरं काहून नाही सांगितलं तू? तर म्हणते कशी, "मामाजीनं पहिल्यांदा माह्या कोंबड्याईले हातानं खाऊ घातलं, शकू. अन् मी चारचौघात म्हणू का, तुमच्या हातानं मेल्या म्हणून?"

त्यानंतर उरलेली खळ बाबा स्वतः खड्डा करून पुरायचे आणि गंज स्वतः घासायचे, घरात दोन बाया असताना. त्यांना कळलं होतं. दोघं एका छपराखाली राहिली, एकमेकांना जपत राहिली... आणि वहिनीचं शिकवणं तेवढं राहून गेलं. आज दोघंही नाहीत, म्हणून इथं लिहितेय. फार वाईट वाटतं हो, अजूनही.

स्टॉलवरच्या पोरीनं विचारलं, "मग बंद का केल्या, आजी?"

तोंडातून निघून गेलं, "मानमोडी आली गं बाई."

ती लगेच लस, पाणी, खुराडं सगळं नव्यानं सांगायला लागली, हात हलवून हलवून. नात घाई करत होती, तरी मी शेवटपर्यंत ऐकलं. वहिनीनं अस्संच सांगितलं असतं... आणि तिच्यासमोर मी एकटीच बसलेली नसते.