चिनी सोपी होती, पण नोकरी जपानीत होती

घोडपदेवच्या चाळीत एका खोलीत आम्ही आठ जण राहायचो. वडील गिरणीत होते, पण सूतखात्यात. विणखात्यात पगार बरा, पण तिथे मागावर धावणाऱ्या धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालत नसे. म्हणून वडिलांना तिथे कधी घेतलं नाही. आई परळच्या एका इस्पितळात फरशा पुसायची. त्या दोघांनी मला बी.ए. केलं, तेही इंग्रजी घेऊन. आमच्या घराण्यातला पहिला. हे मी आजही छाती काढून सांगतो.

पण नोकरी मिळेना. संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलेलं. आज कचेऱ्या उघड्या की हरताळ, हे विचारूनच मी अर्ज घेऊन निघायचो. शेवटी फोर्टातल्या एका जपानी कचेरीने सांगितलं, इंग्रजी येतेच आहे, आता जपानी शिका आणि शिकवणाऱ्या गुरुजींचं पत्र आणा. दुभाष्याची जागा देतो.

गिरगावातल्या एका शाळेत संध्याकाळी जपानीचा वर्ग भरे, आणि शेजारच्या खोलीत चिनीचा. दोन्ही इंग्रजीतून. माझा कॉलेजातला मित्र, गिरगावातल्या जुन्या कारकुनी घरातला, हौसेने चिनी शिकत होता. वर्ग सुटले की पायरीवर बसून आमची तुलना चाले.

"चिनी अवघड ती सुरांपुरती रे," तो म्हणायचा. "'मा'चा सूर चुकला की आईचा घोडा होतो. पण वाक्य इंग्रजीसारखं सरळ. क्रियापदाला शेपट्या नाहीत."

"आमच्याकडे उच्चार सोपे, पण लिप्या तीन आणि शेपट्याच शेपट्या. वर समोरचा आपल्याहून मोठा की लहान ते आधी ठरवायचं, मग तोंड उघडायचं."

मला नेमकं तेच टोचायचं. इंग्रजी मला आवडली ती तिच्या 'यू'मुळे. साहेबालाही यू, शिपायालाही यू. इथे पुन्हा पायऱ्या आल्या. त्यात वर्ग सुरू होताना सगळे कमरेत वाकून आमच्या म्हाताऱ्या जपानी गुरुजींना वंदन करत. मी ताठ उभा राहायचो. दुसऱ्या महिन्यात गुरुजींनी मला थांबवून घेतलं.

"तुमचे पेपर चांगले आहेत. पण वाकता येत नाही त्याला जपानी आली, असं मी पत्रात कसं लिहू?"

मित्र म्हणाला, "चिनीत ये मग."

"तिथे नोकरी कुठे आहे?"

"मग वाक की! तुझं काय जातंय? पाठ दुखते?"

त्याच्या घरात कुणाला वाकावंच लागलं नव्हतं, त्याला काय सांगणार.

आमचे वडील गावी पाटलाच्या दारात जमिनीला हात लावून जोहार घालत. दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी कुणापुढे मान लववली नव्हती. जेवताना त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"ते बी बौद्धच ना? मग वाकाय कशाला लावतात?"

"रीत आहे त्यांची."

"पोरं वाकल्यावर मास्तर काय करतो?"

मला सांगता येईना. त्या वेळी मी फळ्याकडे बघत उभा असायचो.

"मग बघून ये आधी. पाटील कधी वाकला न्हाई आमच्यापुढं."

पुढच्या वर्गात मी बघितलं. सगळ्यांबरोबर गुरुजींचं पांढरं डोकंही खाली गेलं, तेवढंच खाली, आणि सगळ्यांच्या नंतर वर आलं. म्हणजे इतके दिवस ते मलाही वाकत होते. मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला. त्या दिवशी मी वाकलो नाहीच.

त्यानंतरच्या वर्गात वाकलो. पाठ लाकडासारखी झाली होती.

"मास्तरही वाकतो. तेवढाच," घरी येऊन मी म्हणालो.

वडील म्हणाले, "ठीक हाय. पण घरात करून दावू नकोस."

पुढे कित्येक महिने वाकताना माझे दात आवळलेले असत. व्याकरण त्याआधी जमलं.

वर्षभराने गुरुजींनी पत्र दिलं. फोर्टातल्या त्या कचेरीत मी जपानीचा दुभाषी म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो.