पंचनाम्यातली अकरावी नोंद

श्रावणातला शेवटचा मंगळवार, संध्याकाळी साडेसात. स्थळ : ठाण्यातलं आमचं घर. हजर : मी, माझी पत्नी आणि तिची धाकटी बहीण.

टीव्हीवर जुन्या काळातल्या एका घराण्याची मालिका चालू होती. धाकट्या सुनेचा खून झालेला, खुनी सापडत नाही, आणि तपासाच्या निमित्ताने घरातली एकेक भानगड चव्हाट्यावर येते. मी अशा मालिका पोलिसांच्या चुका काढायला बघतो. त्या दिवशी चूक काढली मेहुणीने. पडद्यावर खुनाचा दिवस पुन्हा दाखवत होते. सकाळी सून हरतालिकेची पूजा करते आणि पुढच्याच दृश्यात आमटीभात जेवायला बसते.

"अगं ताई, बघ! हरतालिकेला भात हाणतेय बया!"

"लिहिणारा बाप्या असणार," पत्नी म्हणाली. "ताटात कुठून येतं आणि कधी येत नाही, त्याला काय ठाऊक?"

मीही हसलो. मग नोकरीतलं एक जुनं प्रकरण आठवलं आणि मी कप खाली ठेवला.

पंचवीसेक वर्षांपूर्वीचं ते प्रकरण मी विसरलेलो नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे. तेव्हा मी डोंबिवलीत उपनिरीक्षक होतो. दुपारी चारच्या सुमारास ठाणे अंमलदाराकडे खबर आली. औद्योगिक वसाहतीमागच्या चाळीत एका विवाहितेचा गळा आवळून खून झाला होता. नवरा केमिकल कारखान्यातली पहिली पाळी संपवून आला आणि त्याने प्रेत पाहिलं. सहा वर्षांची मुलगी गणपतीसाठी आजोळी गेली होती.

पंचनामा मी स्वतः केला. पंच चाळीतलेच दोन पुरुष. उष्टं ताट, भाताचं पातेलं, फुटलेल्या बांगड्या अशा एकूण सतरा नोंदी झाल्या. एकही वस्तू सुटली नाही, म्हणून वरिष्ठांनी शाबासकी दिली होती.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला : "दिराला विचारा. वहिनीकडे त्याचं येणं-जाणं फार आहे." दीर त्याच चाळीत दोन खोल्या सोडून राहायचा. सव्वीस वर्षांचा, अविवाहित, आंबिवलीला कामाला.

शवविच्छेदन दुसऱ्या दिवशी उशिरा झालं. गणेश चतुर्थी होती, डॉक्टर मिळेनात. अहवालात लिहिलं होतं की पोटात न पचलेला भात आणि आमटी आहे, आणि मृत्यू जेवणानंतर तास-दोन तासांत झाला आहे. आम्ही हिशेब मांडला : दुपारी बाराला जेवली, एक-दोनच्या सुमारास मेली. त्या वेळी नवरा कारखान्यात होता, फाटकावरच्या नोंदवहीत त्याची वेळ होती. "सकाळी सहाला तिने मला डबा दिला," हा त्याचा जबाब. दिराची साप्ताहिक सुट्टी होती आणि तो खोलीत एकटाच होता.

त्याला उचललं. चौकशी मीच केली.

"आदल्या संध्याकाळी वहिनीकडे कशाला गेलेलास?"

"पत्री द्यायला गेलेलो, साहेब. आंबिवलीच्या टेकडीवरून आणलेली."

"पत्री?" हवालदार हसला. "डोंबिवलीच्या बाजारात पानं मिळेनाशी झाली काय रे? वहिनीसाठी डोंगर चढलास?"

"दरवर्षी मीच आणतो. तुम्ही खोलीत बघा ना, साहेब."

"आम्ही काय बघायचं, ते तू शिकवणार?" हे मी म्हणालो.

चौदा दिवस तो हेच सांगत राहिला. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या बाईंचा जबाब घेतला होता, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "साहेब, ती आज पूजेला आलीच नाही. अशी चुकायची नाही हो. आम्हाला वाटलं, दिरावरून कुजबुज चाललीय, म्हणून लाजली असेल." मी म्हणालो, "पूजेचं राहू द्या. दीर किती वाजता आला, ते सांगा." तेवढंच लिहून घेतलं.

पुरावा मिळाला नाही. दीर सुटला. गुन्हा खरा, पण आरोपी निष्पन्न नाही, असा अहवाल जाऊन फाइल बंद झाली. चाळीने मात्र निकाल दिला होता. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, चाळ सोडावी लागली, पुतणीची भेट बंद झाली. लोक म्हणत, सुटला, पण केलं त्यानेच. मीही तेच म्हणत असे.

त्या मंगळवारी मालिका संपायच्या आत मी माळ्यावरून माझी जुनी वही काढली. सगळ्या पंचनाम्यांतल्या नोंदी मी स्वतःपुरत्या उतरवून ठेवत असे. अकरावी नोंद माझ्याच अक्षरात होती : "कोपऱ्यात पाटावर, ओल्या फडक्यात गुंडाळलेला झाडपाला, अंदाजे दोन ओंजळी."

झाडपाला! पत्री तशीच बांधलेली होती, म्हणजे पूजा झालीच नव्हती. हरतालिकेला पाणीही न पिणाऱ्या बाईच्या पोटातला भात त्या दुपारचा नव्हता, तो आदल्या रात्रीचा होता. सकाळी सहाला डबा द्यायला ती जिवंत नव्हती. आणि आदल्या रात्री त्या खोलीत तिच्यासोबत एकच माणूस होता. प्रेत ताठर होतं, हेही मी लिहिलं होतं. किती ताठर, म्हणजे मरून किती तास झाले असतील, हे लिहिलं नव्हतं.

पत्नीला सांगितलं. तिने वहीतली नोंद वाचली. मग म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुम्ही दुपारी तीनला घरी जेवायला आला होतात. 'तू का बसत नाहीस,' म्हणून मला विचारलंत. मी सांगितलं, हरतालिका आहे. तासाभराने तुम्हाला ठाण्यातून फोन आला."

नवऱ्यानेच खून केला, हे आज मी न्यायालयात सिद्ध करू शकत नाही. तो चार वर्षांपूर्वी आजारपणात गेला. पण तो खोटं बोलला होता, हे माझ्या कागदांत पहिल्या दिवसापासून होतं. तपासात आम्ही नऊ जण होतो, नऊही पुरुष. एखाद्या बाईला नुसता पंचनामा वाचून दाखवला असता, तरी पुरलं असतं. मी नोंदी करत गेलो आणि त्यालाच तपास समजलो. पुढे या कामात येणाऱ्यांनी यादीतल्या प्रत्येक वस्तूसमोर एक प्रश्न लिहावा : ही इथे का आहे?

त्या रात्रीच कामांची यादी केली. एक, आयुक्तालयात फेरतपासाचा अर्ज. दिला, पोच मिळाली. दोन, शेजारच्या बाई. त्या आता मुलाकडे राहतात, तिथे जाऊन भेटलो. त्या म्हणाल्या, "मी तर तेव्हाच सांगत होते." तीन, दीर.

आंबिवली स्टेशनजवळ त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मला पाहताच त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि उभा राहिला, चौकशीच्या खोलीत उभा राहायचा तसाच. मी सगळं सांगितलं, वही दाखवली. त्याने अकरावी नोंद बोटाने दोनदा वाचली.

"म्हणजे तुम्ही बघितलेली," तो म्हणाला.

मी माफी मागितली. त्याने वही मिटून परत दिली. मी निघताना एवढंच म्हणाला, "कोर्टाचं राहू द्या आता. माझ्या पुतणीला सांगा. माझं ऐकणार नाही ती. पोलिसाचं ऐकेल."

हे चौथं काम. पुतणी टेंभी नाक्याजवळ राहते. मागच्या रविवारी गेलो. तिने दार उघडलं, पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर वडिलांचा फोटो होता, त्याला ताजा हार. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ती म्हणाली, "काका, तुम्ही बाबांचे मित्र का? बाबांनीच मला आईविना वाढवलं. तुम्ही कसे ओळखता त्यांना?"

मी म्हणालो, "एका कामानिमित्त भेट झाली होती."

पाणी प्यायलो आणि उठून आलो. यादीतल्या पहिल्या तीन कामांपुढे खूण आहे. चौथ्यापुढची जागा अजून कोरी आहे.