चार फूट सरकलेली मशीन

आमच्या सिलतऱ्याच्या वर्कशॉपमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत. धातू कातायच्या लेथखाली चुरा साचतो तसे साचतात, आणि मधूनमधून झाडले नाहीत तर पाय ठेवायले जागा राहत नाही. म्हणून सांगून टाकते. मी तिथं मापं घेते, म्हणजे तयार झालेला माल ड्रॉइंगबरहुकूम आहे का ते तपासते. मालकाले आम्ही सारे भाऊ म्हणतो. आधी आम्ही स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्चं लोखंड बनवणाऱ्या कारखान्यांचे सुटे भाग करत होतो. मग भाऊंनी रॉकेटचं काम आणलं, आणि तेव्हापासून माझा वासलेला आ काही मिटला नाही.

*

ड्रॉइंगवर भागाचं नावच नव्हतं, नुसता नंबर. एक मोठी गोल रिंग, एवढं दिसत होतं. आम्ही तिले कडं म्हणू लागलो. मी काम देणाऱ्या साहेबांना फोन करून विचारलं, "सर, हे लागते कुठं?"

"वर."

"वर म्हणजे?"

"मॅडम, वर म्हणजे वर." आणि फोन ठेवला ना बाप्पा त्यांनी.

घरी ब्राह्मणपाऱ्यात सासूबाईंनी विचारलं, काय करून राहिली सध्या? म्हटलं, कडं. त्या म्हणाल्या, "सोन्याचं?" मी म्हटलं, त्याहून भारी धातूचं. तेव्हापासून त्या माझ्या बॅगेकडं जरा वेगळ्याच नजरेनं पाहतात.

*

पहिलं कडं झालं. तपासणीचे साहेब आले. माप केसभर कमी भरलं. नापास.

मले वाटलं, बाजूले ठेवू, दुसऱ्या कशाले कामात येईल. साहेब म्हणाले, "कापा. माझ्यासमोर." नियमच तसा आहे म्हणे, नापास माल साबूत ठेवायचा नाही. भाऊंनी कोणाले हात लावू दिला नाही, स्वतः करवतीवर धरलं. साहेब चहा पीत होते. म्हणाले, "आवाज छान येतोय. धातू उत्तम आहे." मी तर पाहतच राहिली त्यांच्याकडं.

जाताना सांगून गेले, दिवाळीपर्यंत एक कडं पास करून दाखवा, नाहीतर काम दुसरीकडं जाईल. भाऊ फाटकापाशी उभे होते. समोरच्या कारखान्यांच्या धुराड्यांकडं बघून म्हणाले, "इथून वर फक्त धूरच जाते. आपली एक वस्तू तरी वर गेली पाहिजे."

*

म्हणून भाऊंनी कडी अचूक कातणारी मोठी विलायती मशीन आणली. विकायच्या आधी ती बनवणाऱ्या कंपनीनं विचारलं, यावर काय करणार? भाऊ म्हणाले, कडं. ते कशासाठी? भाऊ म्हणाले, "मलेच माहीत नाही." खरं तेच सांगत होते बिचारे, पण कंपनीले वाटलं हा माणूस लबाड आहे. शेवटी काम देणाऱ्या साहेबांनी त्यांना काय समजावलं ते देव जाणे. मशीन आली, नारळ फुटला, आम्ही पेढे खाल्ले.

*

आता आमच्या सिलतऱ्यात कारखान्यांची धूळ कशी असते ते सांगते. सकाळी पांढरी ओढणी घालून जा, दुपारी काळी. मशीन शटरजवळ होती, म्हणून भाऊंनी रविवारी क्रेन बोलावून तिले चार फूट आत सरकवलं.

सोमवारी आमच्या मनहर भैयानं, मशीन तोच चालवतो, बटन दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली, मशीन जागेवरून हलली आहे, कंपनीशी संपर्क करा. आणि दार सोडून सारं बंद. मनहर भैया घाबरून माझ्याकडं आला, "दीदी, एला कइसे पता चलिस?"

हिले कसं कळलं, हे मलेही सुधरेना. पुन्हा क्रेन आणली, जुन्या बोल्टांच्या भोकावर नेऊन बसवली. ढिम्म! फोन केला तर कंपनी म्हणे, कोणी मशीन दुसरीकडं नेऊन हत्यारं करू नये म्हणून आत पहारेकरी बसवलेला आहे, मशीन हलली की तो कुलूप लावते. ते कुलूप कंपनीचाच माणूस येऊन उघडेल. कधी? दिवाळीनंतर.

जागा आमची, वीज आमची, मशीन विकत घेतलेली, आणि चालू करायची परवानगी सातासमुद्रापलीकडून. माझं तर टाळकंच सटकलं. भाऊंनी त्या दिवशी डबाही उघडला नाही.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यातल्या, पंजाबात बनलेल्या जुन्या लेथवरची ताडपत्री काढली. म्हणाले, "यावरच करू." मनहर भैयानं मान डोलावली, "हव." मले वाटलं, दोघंही कामातून गेले. दोन कडी वाया गेली. तिसरं मी मापलं, पुसलं, परत मापलं, आणि माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

तपासणीचे साहेब आले, मापलं, चष्मा पुसला, परत मापलं. "पास." भाऊ तिथंच स्टुलावर बसले आणि ढसाढसा रडले.

*

दिवाळी झाल्यावर कंपनीचे इंजिनिअर आले, पुण्याचे. लॅपटॉप जोडला, कुलूप उघडलं, मशीनचं दार सरकवलं. आत आमचे सगळ्यांचे डबे आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी.

त्यांनी बरणी उचलून पाहिली. मीच म्हटलं, "सर, आत धूळ अजिबात जात नाही. मशीन खूप चांगली आहे तुमची."

"मग तुमचं काम? ते अडलं असेल ना?"

"नाही, झालं ना," भाऊ म्हणाले, आणि कोपऱ्यातली लेथ दाखवली.

इंजिनिअर लेथभोवती फिरले. वाकून पाहिलं, हात लावून पाहिला. "शक्यच नाही," म्हणाले, आणि खिशातून मोबाईल काढला.

भाऊंनी पुढं होऊन कॅमेऱ्यावर हात ठेवला.

"फोटो काहून पाहिजे, सर? कशासाठी वापरणार, ते आधी लिहून द्या."